खेळाला पहिला नंबर

मुलीला वडिलांचं शेवटचं दर्शन झालं नाही, याबद्दल मी वर्षभर कोणालाच माफ केलेलं नव्हतं. ती जर्मनीत असते. तिला तेव्हा आठवा महिना होता आणि डॉक्टरांनी विमानाला नाही म्हटलं. म्हणून आम्ही बैठकीत स्टुलावर ह्यांचाच लॅपटॉप उघडून ठेवला, निदान तिथून तिला दिसेल म्हणून. तिला दिसली ती माझी पाठ. चित्र तिथंच थिजलं. आवाज तुकड्यातुकड्यांनी येत होता, "आई, सरक… आई…" मी सरकले, पण तिच्या पडद्यावर मी सरकलेच नव्हते. चित्र पुन्हा हललं तेव्हा बैठक रिकामी झाली होती.

नंतर लोक समजुतीचं बोलले. नेटचं काय, असंच असतं. मला हे ‘असंच असतं’ कधी पटलं नाही. मी शाळेत ग्रंथपाल होते. पुस्तक जागेवर नसेल तर ते कोणीतरी चुकीच्या जागी ठेवलेलं असतं, एवढं मला माहीत आहे.

वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं. ते घरीच करायचं होतं, आणि मी मुलीला शब्द दिला होता की या वेळी पहिल्या संकल्पापासून शेवटपर्यंत तू समोर असशील. फोनवर ते जमण्यासारखं नव्हतं. सिंधीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत फोनला रेंज मिळते ती गच्चीवर, आणि गुरुजी काही गच्चीवर बसणार नव्हते. रविवारी मी लॅपटॉपवर मुलीशी बोलून पाहिलं. चार वाक्यांत तिचा चेहरा पुन्हा थिजला. डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं.

मी नेटवाल्या कंपनीत तक्रार केली. तिसऱ्या दिवशी त्यांचा माणूस आला. राउटरची वायर जिथं लोखंडी कपाटामागे जाते तिथं चिकटून उभा राहिला आणि स्वतःचा फोन माझ्यासमोर धरला.

"काकू, स्पीड तर पूर्ण येऊन राहिली. हे बघा ना."

"मी राउटरजवळ उभी राहून बोलत नाही. बैठकीत बसून बोलते."

मग त्यानं लॅपटॉप पाहिला. त्याच्या कळांखाली लाल दिवे लागतात, मागे पंख्याच्या जाळ्या आहेत. तो हसला. "अरे, हा तर गेमिंगचा आहे! घरात कोण खेळतं?"

"कोणी नाही."

"मग घेतला कशाला?"

मी त्याला सांगितलं. हे पॉवरलूमच्या कापडासाठी नक्ष्या काढायचे. हाताला कंप आल्यावर संगणकावर काढू लागले. त्या चित्रांचं वजन साध्या मशीनला झेपत नव्हतं, म्हणून दुकानदारानं हा दिला. ह्यांनी आयुष्यात एक खेळ खेळला नाही. एवढं सगळं मी बोलले, आणि त्यानं सगळं ऐकून म्हटलं, "तेच ना काकू, गेमिंगवाल्यात असं होतंच." तो जिना उतरतो न उतरतो तोच माझ्या फोनवर संदेश आला की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. कोणी सोडवली? काय सोडवलं? मी तो संदेश दोनदा वाचला आणि रागानं माझे कान तापले.

त्याच संध्याकाळी जैनाबादहून माझ्या मोठ्या नणंदबाई आल्या, श्राद्धाच्या तयारीला. केळीची पानं, दर्भ, काळे तीळ, सगळं त्यांनीच जमवलं होतं. मी खुर्चीवर चढून लोखंडी कपाटामागे डोकावत होते.

"पडशील. काय शोधतेस?"

"राउटर."

तो तिथं होता, कपाट आणि भिंत यांच्या फटीत, पालथा, धुळीनं भरलेला. समोर तेराव्याला आलेल्या स्टीलच्या भांड्यांची उतरंड. लोखंडाच्या एवढ्या पसाऱ्यातून नेट बाहेर येणार काय आणि बैठकीत पोचणार काय? आणि त्याला तिथं ठेवलं होतं वन्संनीच. तेराव्याला ह्यांचा फोटो फळीवर मांडायचा होता, तर जागा करायला हा डबा उचलून मागे सरकवला. वर्षभर मी जाता-येता फोटोला नमस्कार करत होते आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, म्हणून थोडा राग मला माझाही आला.

मी तो पुसून फळीवर ठेवायला गेले तर त्यांनी हात आडवा केला.

"वर्षाच्या आत फोटो हलवायचा नसतो."

"फोटो नाही हलवत. शेजारी ठेवते."

"समईपाशी? ही लुकलुकणारी पेटी? लोक काय म्हणतील?"

"वन्सं, ती फळी ह्यांनी या पेटीसाठीच ठोकली होती. फोटो नंतर आला."

त्यांनी समईची वात पुढे सारली. मग म्हणाल्या, "आणि एवढं बघून ती पोरगी काय करणार आहे? तिथून पाणी सोडणार आहे का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "तुम्ही भावाच्या तोंडात गंगाजल घातलंत. माझ्या मुलीनं माझी पाठ पाहिली." मी राउटर फळीवर ठेवला. त्यांनी समई वीतभर बाजूला घेतली.

लॅपटॉपवरच्या रेंजच्या रेघा सगळ्या भरल्या. मुलीला लावलं. पाच मिनिटं छान, आणि पुन्हा थिजली.

आता मात्र दोष द्यायला कोणी उरलं नव्हतं. मी लॅपटॉपसोबत आलेलं माहितीपुस्तक काढलं आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. दोन सकाळी गेल्या. त्यात एका ठिकाणी लिहिलं होतं की या मशीनमध्ये एक सोय आहे, नेट कोणाला आधी द्यायचं हे ती ठरवते. मी ती उघडली. यादी होती. सगळ्यात वर खेळ. त्याखाली चित्रपट, मग फायली. आणि सगळ्यात शेवटी समोरासमोर बोलणं. कारखान्यातूनच असं ठरवून आलेलं. कोणी ठरवलं? मुलीनं बापाला बघणं शेवटी, आणि खेळ पहिला?

पण खेळ होता कुठे? मी पहिली ओळ उघडली. मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ, आणि त्यापुढे लिहिलेलं, नवी भर उतरवत आहे, म्हणजे डाउनलोड चालू. त्या दिवशी काय घडलं ते मला तेव्हा कळलं. हे बारा दिवस दवाखान्यात होते. बारा दिवसांनी लॅपटॉप उघडला तो आम्ही, बैठकीत, आणि उघडल्याबरोबर हा खेळ साचलेलं सगळं ओढायला बसला होता. नंतरही मी तो रविवारी-रविवारीच उघडत होते, तेव्हाही तेच. खेळ उघडून पाहिला तर खेळाडूचं टोपणनाव होतं, आणि मित्रांच्या यादीत एकच नाव. ते मी ओळखलं. माझी मुलगी शाळेत असताना वहीवर तेच लिहायची.

मी गच्चीवर जाऊन तिला फोन लावला. "बाबा खेळायचे?"

"शनिवारी दुपारी. तू झोपलेली असायचीस."

"किती वर्षं?"

"मी इकडे आल्यापासून. आई, ते फार वाईट चालवायचे. दर वेळी भिंतीवर."

"मला का नाही सांगितलं?"

"बाबा म्हणाले, तिला नको सांगूस. ती म्हणेल, या वयात?"

"मी असं म्हटलं असतं?"

"म्हटलं असतंस, आई."

म्हटलं असतं, हे खरं आहे. पण मग मी त्या कंपनीच्या माणसाला छाती ठोकून सांगितलं त्याचं काय? वन्संना सांगितलं, शेजारी सांगितलं, ह्यांनी आयुष्यात एक खेळ खेळला नाही. त्या दोघांनी मिळून मला खोटं पाडलं, आणि त्यातला एक आता भांडायलाही समोर नाही. मी जिना उतरले आणि फोटोकडे न बघता स्वयंपाकघरात गेले.

वर्षश्राद्धाला मुलगी सकाळपासून स्टुलावर होती, मांडीवर बाळ. गुरुजींनी गोत्राचा उच्चार केला, पिंड मांडले, तीळ-पाणी सोडलं. सगळं तिनं पाहिलं. एकदाही थिजली नाही. वन्संनी पंगतीआधी लॅपटॉप उचलून स्वतःच फोटोसमोर नेला आणि तिला म्हणाल्या, "घे, नीट बघ तुझ्या बापाला." मी मध्ये नव्हते. मी मुद्दाम बाजूला उभी होते.

यादी मी आदल्या दिवशीच बदलली होती. बोलणं वर ओढलं. खेळ काढून टाकायला निघाले होते, पण काढला नाही. तो आता सगळ्यात शेवटी आहे. माझी मुलगी वर्षभर तिथं उभी होती. थोडे दिवस त्यानं उभं राहावं.