हिरव्या झाकणाचा डबा

पुण्यात होती तोवर सुलेखा बापट चांगली बोलघेवडी होती. गप्प बसायला तिला सिंगापूरने शिकवलं. एचडीबीच्या, म्हणजे सरकारी घरांच्या, ब्लॉकमध्ये एका मजल्यावर सतरा तऱ्हांचे देव नांदतात, तिथे शेजाऱ्याच्या देवाबद्दल तोंड उघडायचं नसतं, हे पंचवीस वर्षांत तिच्या अंगवळणी पडलं होतं. नोव्हेना भागातल्या एका दवाखान्यात ती रिसेप्शनला बसते. तिथेही तेच.

समोरच्या दारात रोहाना राहते. मलय बाई, सुलेखाहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून सुलेखा तिला 'काक' म्हणते, म्हणजे ताई. दोघींमध्ये हिरव्या झाकणाचा एक डबा बावीस वर्षं ये-जा करतोय. दिवाळीला इकडून चकल्या जातात, ईदला तिकडून ओंदे-ओंदे येतात. आत गूळ, वर खोबरं, आपल्या मोदकाचीच कुणी चुलत बहीण. शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये, निदान चिमूटभर साखर घालावी, हे सुलेखानेच तिला पहिल्या वर्षी सांगितलं होतं. बाईने ते इतकं मनावर घेतलं, की एकदा घरात काही नव्हतं तेव्हा डब्यात दोन लिंबं घालून पाठवली.

सुलेखाचा मुलगा रुचिर शाळा सुटली की रोहानाकडेच असायचा. आता तो व्हिएन्नात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आणि या दिवट्याने तिथे बसून पैगंबरांवर एक चित्र आणि दोन घाणेरड्या ओळी इंटरनेटवर टाकल्या. कुणीतरी तक्रार केली. खटला उभा राहिला.

"अरे, त्या देशाने इस्लामला शंभर वर्षांपूर्वी कायद्याने मान्यता दिलीय," त्याचे बाबा, निशिकांत, फोनवर कडाडले. "शाळेत त्याचे तास होतात. धर्माची टिंगल केली तर सहा महिन्यांपर्यंत आत टाकतात. राहतोस तिथे आणि एवढं माहीत नाही?"

"बाबा, युरोप सेक्युलर आहे ना! जस्ट अ जोक, लाह." वाक्याच्या शेवटी लावायचं ते सिंगापुरी शेपूट त्याच्या जिभेवरून अजून गेलं नव्हतं.

"मग ते 'लाह' जजला सांग!"

सुलेखाला दोघांचाही राग आला. दोन ओळींसाठी पोराला तुरुंग, हे तिला पटत नव्हतं. त्याने ते लिहावं, हेही पटत नव्हतं. पण वकिलाने एक वाट सांगितली होती. रुचिरला लहानपणापासून ओळखणाऱ्या एखाद्या मुसलमान व्यक्तीचं पत्र मिळालं तर उपयोग होईल. मात्र त्या व्यक्तीने पोस्ट वाचलेली असावी आणि पत्रात तसं स्पष्ट लिहावं.

अशी व्यक्ती जगात एकच होती.

शनिवारी दुपारी सुलेखा शंकरपाळे भरलेला डबा घेऊन समोर गेली. लाच द्यायला निघाल्यासारखं वाटून तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने सगळं सांगितलं आणि फोन पुढे केला. रोहानाने चष्मा लावला. चित्र पाहिलं, ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या.

"हे आपल्या रुचिरने?"

सुलेखाने मान हलवली.

"सु, खटला झाला नसता तर तू हे मला दाखवलं असतंस?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही, काक."

"हं." रोहानाने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. "तुरुंगात जाऊ नये तो. मी लिहीन."

तीन दिवसांनी ती दारात आली. एका हातात पत्र, दुसऱ्या हातात डबा. आत ये म्हटलं तर म्हणाली, नमाजाची वेळ झालीय.

निशिकांतनी पत्र मोठ्याने वाचलं. 'हा मुलगा सात वर्षांचा होता तेव्हापासून माझ्या घरी जेवला. मी नमाज पढत असले की तो न सांगता टीव्हीचा आवाज कमी करायचा. त्याने लिहिलेलं मी वाचलं आहे. मला ते फार लागलं. तरी त्याला तुरुंगात पाठवू नका.'

"वा! काम फत्ते!" म्हणत त्यांनी लगेच रुचिरला फोन लावला.

सुलेखा डबा घेऊन स्वयंपाकघरात गेली. हाताला तो हलका लागत होता, तरी तिने झाकण उघडलं. डबा स्वच्छ घासलेला, पुसून कोरडा केलेला होता. तिने तळाशी बोट फिरवून पाहिलं. साखरेचा कणसुद्धा नव्हता. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

बाहेर स्पीकरवर रुचिरचा आवाज सुटकेने उसळत होता. "आंटी इज द बेस्ट! आई, माझ्यातर्फे थँक्स सांग ना तिला."

"मी नाही सांगणार," सुलेखा आतूनच ओरडली. "तू ये इथे. तिच्या दारात उभा राहा आणि तूच सांग." आणि उघडा डबा पोटाशी धरून ती रडायला लागली.