पाठीवर नंबर असलेल्या खुर्च्या

सानगडीच्या बाबुलालचा मंडपाचा धंदा आहे. बाराशे खुर्च्या. लग्नात खुर्च्या दुसऱ्याच्या मंडपात जातात, म्हणून प्रत्येकीच्या पाठीवर त्याने स्वतः ब्रशने नाव आणि नंबर घातलेला. माणूस भित्रा, शिपाई दिसला तरी रस्त्याच्या कडेला होतो. मला हे नीट लिहिता येईल असे वाटत नाही, पण त्याची बिले माझ्या अक्षरात असतात, म्हणून ठाऊक आहे.

मागच्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या सभेला साऱ्या खुर्च्या गेल्या. पैसे पूर्ण मिळाले, रोख. पण उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा असते. त्याचा माणूस म्हणाला, "बाबुलालभाऊ, बिल दीडशे खुर्च्यायचं द्या." बाबुलालने सांगितले, मी लिहिले.

पंधरा दिवसांनी तालुक्याहून बोलावणे आले. खर्च तपासणाऱ्यांनी सभेचे चित्रीकरण केले होते. बाबुलालची बायको धुरपता म्हणाली, "मी म्हणत होती, नुसतं नाव टाका. नंबर कायले?"

मीही सोबत गेलो. साहेबांनी चित्र एका जागी थांबवले. शेवटची रांग, मागून, पांढऱ्या रंगात ठळक: ११४०.

"खुर्च्या किती होत्या?"

बाबुलाल म्हणाला, "दीडशे, साहेब."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिले, बिलाकडे पाहिले, दीडशे लिहून घेतले. म्हणाले, "पुढच्या वेळी नंबर दिसू देऊ नका."

परतताना बाबुलाल बसमध्ये एवढेच बोलला, "कागद त्यायच्यापाशी राहिला. कवाबी काढतीन."

माझा पुतण्या धनंजय शहापूरला मास्तर आहे. सुटीत घरी आला तेव्हा तो बाबुलालला समजावू लागला, "सरकारनंच पक्षांले पैसा द्यावा काका, मंग हे बंद होते."

"सरकारचा पैसा आला त खुर्च्या कमी लागतीन का, मास्तर? वरचा पैसा वरच राहीन. खोटं बिल मलेच मांगतीन."

धनंजय हसला. मला हसू आले नाही.

बाबुलालने उन्हाळाभर नंबरांवर, आणि नावांवरही, रंग फासला. धुरपता विचारत होती, "लग्नात हरपली त वळखाची कशी?" तो पुढची खुर्ची ओढत होता.

आता पुन्हा निवडणूक लागली आहे. काल दुसऱ्या पक्षाचा माणूस येऊन गेला. खुर्च्या साऱ्या, बिल शंभरचे. बाबुलालने बिलबुक माझ्यासमोर ठेवले आणि दाराकडे पाहत बसला. मी पेन घेतला. अक्षर थोडे वेगळे काढता येते का, ते आधी कोऱ्या कागदावर करून पाहिले. येत नाही.