वीरगळावर न सापडलेलं नाव

"मॅडम, नाव लिहा आन् साहेबाला फोन लावा. बिलकुल टाइम लावू नका," सरपंच म्हणाले.

मी वीरगळासमोर उकिडवी बसले होते. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीचा कोरीव दगड. कुंभार पिंपळगावजवळच्या या गावाचं म्हणणं असं, की यादवांच्या काळात इथे मोठी लढाई झाली आणि हा तिच्या सेनापतीचा दगड. सेनापती कोणाचा, यावर भांडण. सरपंच म्हणायचे, आमच्या भावकीचा. रोज सकाळी दगडाला पाणी घालणारे म्हातारे रंगनाथआबा म्हणायचे, आमच्या. माहितीचा बोर्ड दोनदा लागला, दोनदा त्यावर डांबर फासलं गेलं. म्हणून पुरातत्त्व खात्यातून मला पाठवलं.

दगडावर दोन ओळी होत्या. मी ठसा घेतला. ओला कागद दगडावर ब्रशनं ठोकून बसवायचा, वरून शाई लावायची. खोदलेली अक्षरं पांढरी राहतात. 'गाई' एवढा शब्द लागला. नावाच्या जागी कपचा उडालेला.

खालची चौकट मातीत होती. आबांनीच खुरप्यानं माती काढली. मरणाचा प्रसंग याच चौकटीत कोरतात. हत्ती नाहीत, सैन्य नाही. ढाल-तलवार घेतलेला एक माणूस, अंगावर आलेले चौघं, मागे गाई.

मी साहेबांना फोन केला.

"नाव मिळत नाही, सर."

"दोघांपैकी एक टाका, फाइल क्लोज करा."

"तसं लेखी द्याल, सर?"

फोन कट झाला.

आबांना सांगणं जास्त जड गेलं.

"म्हंजे आमचा बाबा न्हाई?"

"नसेलच असं नाही, आबा. पण वाचता येत नाही. आणि सेनापती नसावा. गुरं पळवणाऱ्यांशी लढताना गेला."

आबा कोरलेल्या गाईंवरून बोट फिरवत राहिले.

"चौघं आल्ते, अन् ह्यो एकटाच उभा ऱ्हायला," ते म्हणाले.

सरपंच त्यांच्याशेजारी मातीतच बसले. म्हणाले, "मंग बराबर हाय, मॅडम. गाईचंच लिहा."

बोर्डावर मी लिहिलं : 'गाई वाचवताना पडलेला वीर. नाव वाचता येत नाही.' दोघांनी मिळून तो उभा केला.

अजूनही दोन्ही घरं पाहुण्यांना तो आपलाच पूर्वज म्हणून दाखवतात. त्याला माझी हरकत नाही. 'वाचता येत नाही' लिहायला अर्धं मिनिट लागलं. ऑफिसात ते मंजूर करून घ्यायला चार महिने.