अँबॅसिडरचा रूम पार्टनर

औशापासून माहूरपर्यंत माझ्या रूम पार्टनरवर जळणारा माणूस शोधायला निघालात तर माझ्याशिवाय एकही सापडणार नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. त्याच्यावर जळावं असं कुणाला वाटतच नाही. त्याला पाहून लोकांना आपला एखादा मामेभाऊ आठवतो, चहा पाजावासा वाटतो, घरातली भांडणं सांगावीशी वाटतात. जळण्याचं काम मी एकट्यानं, नांदेडला श्रीनगरातल्या एका दहा बाय बाराच्या खोलीत, इंजिनियरिंगची चार वर्षं, एकही सुट्टी न घेता केलं आहे. आणि एवढं करूनही आज कुणी विचारलं की तुझा जवळचा मित्र कोण, तर माझ्या तोंडून त्याचंच नाव निघतं. हा माझ्यावरचा आणखी एक अन्याय.

तो निलंगा तालुक्यातल्या एका खेड्यातला. मी लातूर शहरातला, म्हणजे जिथं पाहुणे पोराचं नाव विचारायच्या आधी टक्के विचारतात तिथला. त्यामुळे पहिल्या दिवशी खोलीत पाऊल ठेवताच मी त्याला बारावीचे मार्क विचारले आणि त्यानं मला गाव विचारलं. गाव विचारणं हा त्याचा श्वासोच्छ्वास होता. समोरचा माणूस प्राचार्य असो, रिक्षावाला असो की परीक्षेला आलेला बाहेरचा परीक्षक, याचा पहिला प्रश्न ठरलेला: "गाव कोनतं म्हनायचं?" दुसऱ्या प्रश्नाला तालुका, तिसऱ्याला नातं. एकदा आम्ही नांदेडहून लातूरच्या एसटीत बसलो. लोह्याला त्याच्या शेजारी एक म्हातारबा येऊन बसले. अहमदपूर येईपर्यंत ते त्याच्या आत्याच्या व्याह्यांचे चुलते निघाले होते. चाकूरला उतरताना त्यांनी याच्या मांडीवर अर्धी पिशवी सीताफळं ओतली आणि पाठीवरून हात फिरवला. मी त्याच बाकावर, खिडकीशी, कानात इअरफोन घालून 'लोकांवर छाप कशी पाडावी' या विषयावरचं व्याख्यान ऐकत होतो. मला कुणी एक सीताफळ दिलं नाही. त्यानं दिली, चार. पण ती गोष्ट वेगळी.

त्याची दुसरी खोड म्हणजे एक्स्टेंशन बोर्ड. लोक दप्तरात पाण्याची बाटली ठेवतात तसा हा चार खटक्यांचा, पिवळ्या वायरीचा बोर्ड बाळगायचा. गावाकडं लाइट येईल तेव्हा सगळ्या गल्लीचे मोबाइल एकाच वेळी चार्ज करायचे, तिथं लागलेली ही सवय. बसस्टँडच्या कॅन्टीनमध्ये गेला की आधी भिंतीवर सॉकेट शोधायचा, मग बोर्ड काढायचा, आणि "लावा की मावशी, लाजता कशाला" म्हणत ओळखी ना पाळखीच्या लोकांचे फोन लावून द्यायचा. मग त्या फोनांची राखण. आमची बस निघून गेली तरी हा हलायचा नाही. कुणा मावशीचा फोन अजून चाळीस टक्क्यांवर असायचा. अशा सुटलेल्या तीन बसा माझ्या हिशेबी जमा आहेत.

तर अशा माणसाशी माझी स्पर्धा होईल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी एका बड्या कॉम्प्युटर कंपनीनं आमच्या कॉलेजातून 'स्टुडंट अँबॅसिडर' नेमायचं ठरवलं. एका कॉलेजातून एकच विद्यार्थी. त्यानं कंपनीच्या वतीनं बाकीच्यांना नवं तंत्रज्ञान शिकवायचं, कार्यशाळा घ्यायच्या. बदल्यात काळा टी-शर्ट, सॅक, प्रमाणपत्र आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कंपनीत इंटर्नशिपसाठी थेट मुलाखत. ही जागा मला हवी होती. नुसती हवी नव्हती, ती माझीच आहे असं मी धरून चाललो होतो. आमच्या वडिलांचं लातूरच्या गंजगोलाईत कापडाचं दुकान आहे. त्यांनी तर अर्ज भरायच्या आधीच चार गिऱ्हाइकांना सांगून टाकलं होतं की पोरगं कंपनीत लागल्यात जमा आहे.

मी आठवडाभर खपून अर्ज लिहिला. त्यात नेतृत्व होतं, ध्यास होता, नवनिर्मिती होती, समाजात बदल घडवण्याची तळमळ होती. इंग्रजी तर असं की माझं मलाच दोनदा वाचावं लागलं. शेवटच्या दिवशी हा कॉटवर आडवा होऊन, पाय भिंतीला लावून म्हणाला, "लातूरकर, माझा बी भरून टाक की. तुझं इंग्लिश लई भारी हाय." त्याचं इंग्रजीतलं सगळं लिखाण पहिल्या वर्षापासून माझ्याकडेच होतं. रजेचे अर्ज, सरांना मेल, स्कॉलरशिपची पत्रं. तो बोलायचा, मी लिहायचो.

पहिला प्रश्न होता, एखादी अडचण तुम्ही पुढाकार घेऊन कशी सोडवली. तो छताकडं बघत म्हणाला, "लिही. उन्हाळ्यात आमच्या गावात टँकर येतंय. टँकर आलं की भांडनं. म्हनून म्या सगळ्यांच्या घागरीवर ऑइलपेंटनं नंबर टाकले. मानूस ऱ्हाऊ दे घरी, घागर लायनीत ऱ्हातीय. अन मधी एक जागा मोकळी ठिवायची. अंगनवाडीच्या बाई ड्युटीवरून उशिरा येतेत, त्यांच्यासाठी. रोज कोन ना कोन उशिरा येतंयच." दुसरा प्रश्न, कार्यक्रमाला पन्नास विद्यार्थी कसे जमवाल. "मेसेज टाकून कोन येतंय व्हय? घरी जाऊन आवतन द्यावं लागतंय. खोली खोली फिरीन, म्हनावं."

आता खरं सांगतो. एरवी मी त्याच्या रजेच्या अर्जालासुद्धा वळण देत असे. ताप आला असेल तर त्या तापाला भारदस्त शब्द शोधत असे. त्या दिवशी एकही शब्द शोधला नाही. तो जे बोलला ते जसंच्या तसं, पहिलीतल्या पोराच्या इंग्रजीत उतरवलं. आमच्या गावात टँकर येतो. मी घागरींवर नंबर टाकले. मेसेजवर कुणी येत नाही. मोठ्या कंपनीत कुणीतरी हे वाचेल, हसेल आणि बाजूला ठेवेल, अशी माझी पक्की खात्री होती. त्याला म्हणालो, "छान झालाय." तो खूश होऊन माझ्यासाठी चहा आणायला गेला.

पंधरा दिवसांनी दोघांना मेल आले. माझ्या मेलमध्ये खेद होता. त्याच्या मेलमध्ये अभिनंदन होतं, आणि ते त्याला मीच मराठीत समजावून सांगितलं. त्यानं मला उचलून खोलीभर फिरवलं. "तुझ्यामुळं झालं बग!" असं तो ओरडत होता आणि माझे पाय जमिनीला लागत नव्हते. पुढचे तीन दिवस मी मेसकडं फिरकलो नाही. दुकानातून वडिलांचा फोन आला, "आला का रे मेल?" मी म्हणालो, अजून नाही. असं मी महिनाभर म्हणत होतो.

मग टी-शर्ट आला. दोरीवर वाळत घातलेला तो काळा शर्ट मी रोज बघायचो, आणि एकदा पार्टनर आंघोळीला गेला असताना अंगात घालूनही पाहिला. अगदी मापात बसला, हे अधिकच लागलं. पुढं त्यानं तो गावाकडं नेला आणि वडिलांना देऊन टाकला. निलंग्याच्या बाजारात, डोक्याला पांढरा रुमाल, खाली धोतर आणि वर छातीवर कंपनीचं चिन्ह, असा वडिलांचा फोटो त्यानं मला कौतुकानं दाखवला. "आबा काढतच न्हाईत अंगातला," म्हणाला. ज्या शर्टासाठी मी आठवडाभर इंग्रजी झिजवलं तो घालून आबा शेळीचा भाव करत होते. सॅक त्यानं बहिणीला दिली. कंपनीचे गोल स्टिकर मेसच्या मावशींच्या डब्यांवर बसले. हळदीला एक, मिठाला एक.

पहिली कार्यशाळा मात्र त्यानं अशी केली की नांदेडात तिची आठवण अजून काढतात. आमच्याकडं लग्नाचं आवतण दोन तऱ्हेचं असतं. एक साधं, घरटी एका माणसाचं. दुसरं चूलबंद, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायलाच यायचं. यानं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कार्यशाळेचं चूलबंद आवतण दिलं. चार दिवस खोली खोली फिरला, मुलींच्या होस्टेलच्या फाटकावर वॉचमनकाकांकरवी निरोप दिला, वॉचमनकाकांनाही बोलावलं. कंपनीनं पन्नास जणांच्या नाश्त्याची सोय केली होती. ती यानं मेसच्या मावशींच्या हवाली केली आणि मावशींनी मेस बंद ठेवून खिचडीची कढई चढवली. दोनशेच्या वर पोरं आली. हैदराबादहून कंपनीच्या मॅडम आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या.

कार्यशाळा दोन तासांची होती. त्यातला सव्वा तास सत्कारात गेला. शाल-श्रीफळ आणि सत्कार झाल्याशिवाय आपल्याकडं बोअरसुद्धा सुरू होत नाही, हे त्या मॅडमना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचा झाला, प्राचार्यांचा झाला, सगळ्या सरांचा झाला, प्रोजेक्टरची वायर जोडणाऱ्या इलेक्ट्रिशियनचा झाला, मावशींचा झाला. मॅडम डोक्यावरचा फेटा सावरत घड्याळ बघत होत्या. शेवटी माइक हाती आला तेव्हा त्या हिंदीत म्हणाल्या की ढिगानं अर्ज आले, पण सगळे एकाच माणसानं लिहिल्यासारखे. नेतृत्व, ध्यास, नवनिर्मिती. एकच अर्ज असा होता की तो वाचून त्यांनी शेजारच्या टेबलावरच्यांना हाक मारून दाखवला. उशिरा येणाऱ्या बाईसाठी रांगेत जागा ठेवणारा मुलगा आम्हाला हवा होता, असं त्या म्हणाल्या. इतक्यात यानं त्यांच्या हातून माइक घेतला. "मॅडम, ते लिहिलं माझ्या पार्टनरनं. म्या नुसतं बोललो. लातूरकर, वर ये!"

दोनशे पोरांनी टाळ्या वाजवल्या. यानं स्वतःच्या हातानं माझ्या खांद्यावर शाल टाकली, नारळ दिला आणि मिठी मारली. मी फोटोत हसलो आहे. तो फोटो वडिलांनी दुकानात लावला, त्याखाली काय लिहायचं हे मला विचारलं, आणि ती ओळ मी अजून लिहून दिलेली नाही.

संध्याकाळी खोलीवर तो उंबऱ्याशी बसून सत्काराचा नारळ सोलत होता. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अर्ज मी मुद्दाम तसा लिहिला होता. तुझी निवड होऊ नये म्हणून."

माझी कल्पना होती की तो चिडेल, नाहीतर नेहमीसारखा हसून सोडून देईल. तो शेंडी उपटत राहिला. मग म्हणाला, "तुला म्होरं जायचं व्हतं, ते ठीक हाय. म्या तरी काय वेगळं केलो असतो." नारळ फिरवून घेत म्हणाला, "पन ते टँकरचं वाचून लोक हसतील, असं वाटलं व्हय तुला?"

मी खाली पडलेल्या शेंड्या गोळा करू लागलो.

"माय उभी ऱ्हायची रे त्या लायनीत," तो म्हणाला. त्यानं नारळ पायरीवर फोडला आणि मोठी वाटी माझ्या हातात दिली.

त्यानंतर आमच्यात काही बिनसलं नाही. चहा तोच, भांडणं तीच, सुटलेल्या बसाही त्याच. फक्त त्या दिवसापासून त्यानं मला एक ओळसुद्धा लिहायला सांगितली नाही. रजेचा अर्ज, कंपनीचे मेल, सगळं तो स्वतः, एक बोट वापरून, ओठ हलवत लिहू लागला. मी शेजारच्या कॉटवर पुस्तक धरून बसलेला असायचो, उगीच खाकरायचो. तो वर बघायचा नाही.

आता मी पुण्यात एका कंपनीत आहे. तिथं दिवसभर इंग्रजी लिहितो आणि ते कुणी वाचत नाही. तो लातूरला असतो, निलंगा-औशाकडच्या गावोगावी फिरून पोरांना कॉम्प्युटर शिकवतो, आणि त्याबद्दल सोशल मीडियावर स्वतःच्या इंग्रजीत लिहितो. क्रियापदं जागेवर नसतात, एकवचनाचं अनेकवचन झालेलं असतं, आणि खाली शेकडो लोक त्याला गावाची आमंत्रणं देत असतात. माझा अंगठा दुरुस्तीसाठी शिवशिवतो. मग लक्षात येतं की दुरुस्त करण्यासारखं त्यात काहीच नाही, आणि माझं जुनं जळणं पुन्हा सुरू होतं.

दर रविवारी त्याचा फोन येतो. माझ्या आईची तब्येत, वडिलांचं दुकान, माझं लग्न, सगळी विचारपूस होते. बोलणं सरत आलं की तो क्षणभर गप्प होतो. मला वाटतं, आता म्हणेल, लातूरकर, जरा एवढं लिहून दे की. मी लॅपटॉप जवळ ओढतो.

"ठिवू का मग?" तो म्हणतो, आणि ठेवतो.