धनराजभाऊंचे रंधे आणि पुढचं दार

सिंदेवाहीच्या बाजारामागच्या गल्लीत धनराज मोहुर्ले यांच्या घरी लाकूड तासायचे रंधे इतके आहेत, की एखाद्या वाढईनं, म्हणजे सुतारानं, पाहिले तर त्याला वाटावं, आपण उगाच या धंद्यात पडलो. धनराजभाऊ मात्र वाढई नाहीत. उभा जन्म वायरमन म्हणून विजेच्या खांबांवर गेला. निवृत्त झाल्यावर माणसं भजनात जातात, काही राजकारणात जातात, बाकीची नुसतीच चौकात जातात. धनराजभाऊ रंध्यात गेले.

खापर फोडायचं तर जंगू भंगारवाल्याच्या डोक्यावर फोडावं लागेल. आलापल्लीकडच्या एका बंद पडलेल्या आरागिरणीचं सामान त्यानं उचललं होतं. त्यात एक विलायती लोखंडी रंधा होता, गंजून गंजून रताळ्यासारखा झालेला. भाऊंनी तो गंमत म्हणून घेतला आणि चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवला. गंज उतरला, खालून चांदीसारखं लोखंड निघालं, तेव्हा भाऊंच्या चेहऱ्यावर जे तेज चढलं ते त्यांच्या लग्नातही चढलं नव्हतं, असं त्या वरातीत नाचलेल्या लोकांचं म्हणणं आहे.

मग जंगूला गिऱ्हाईक सापडलं आणि भाऊंना धर्म. रंध्याचा तळ पाण्यासारखा सपाट लागतो. त्यासाठी काचेवर काचपेपर अंथरून तो घासत बसावं लागतं. घरात खात्रीची सपाट काच एकच होती, लग्नाच्या फोटोवरची. ती गेली. तेव्हापासून भाऊंच्या सौभाग्यवती सुगंधाबाई भिंतीवर उघड्या आहेत, आणि पाली नवरदेवाच्या फेट्यावर बिनधास्त बसतात. पात्याला धार लागली की नाही ते भाऊ हातावरचे केस भादरून पाहायचे. त्यामुळे त्यांचा उजवा हात अस्वलाचा आणि डावा नवरीचा. बाजारात भाजीवाल्या बाया पैसे घेताना मुद्दाम डावा हात पुढे करायला लावत.

एवढं सगळं करून भाऊंनी लाकडाचं बनवलं काय? काही नाही. साधा पाटसुद्धा नाही. त्यांना हवा असायचा तो फक्त छिलका. कांद्याच्या पापुद्र्यासारखा, एका दमात निघालेला, पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येईल असा. एक रंधा तयार झाला की भाऊ घरातलं हाताला लागेल ते लाकूड त्याला चाखायला देत. सुगंधाबाईंचा पोळपाट वर्षभरात पुरीएवढा झाला. खाटेचे पाय इतके रोडावले, की पाहुणा आला तर त्याचं वजन अंदाजून मगच त्याला बसायला सांगत.

आणि याच घराचं पुढचं दार पावसाळ्यात फुगायचं. पोळ्याच्या आसपास तर लाथ घातल्याशिवाय ते हलत नसे. घरात जायला दाराबाहेरून लाथ, बाहेर यायला चौकट धरून हिसका. गल्लीत कोणाच्या घरी किती वाजता कोण परतलं हे त्या आवाजावरून कळायचं, त्यामुळे गल्लीची काही तक्रार नव्हती.

तक्रार सुगंधाबाईंची होती, आणि ती पेटली मुलीच्या सोयरिकीवरून. मुलगी दिव्यानी गडचिरोलीला नर्स आहे. तिला सावली गावचं स्थळ आलं. मुलगा निकेश वनरक्षक, वडील रामाजी धानाचे शेतकरी, आई बायनाबाई तोंडाची फटकळ पण मनाची मोकळी. रविवारी तिघं पाहायला येणार होते. सुगंधाबाईंनी नवऱ्याला समोर बसवलं.

"पाव्हण्यांसमोर या दाराले लात मारा लागली, तं सोमवारी जंगू येईन अन् सगळे रंधे तोलून नेईन. मी त्याले सांगून ठेवलं हाये."

बायको जे सांगून ठेवते ते होऊन राहतं हा भाऊंचा संसारभराचा अनुभव. जंगू तर एका पायावर तयार. आपणच विकलेला, वर फुकटात चकाचक झालेला माल किलोच्या भावानं परत घ्यायला कोणाला नको?

आता दुसरा कोणी असता तर लगेच दार तासायला बसला असता. भाऊ पातं घासायला बसले. त्यांच्या मते त्या दाराच्या लायकीचा रंधा अजून तयार नव्हता. तो तयार झाला शनिवारी. मग मात्र त्यांनी दार उतरवलं, अंगणात आडवं टाकलं, आणि छिलके असे काढले की गल्लीतली कोंबडी ते घरट्याला पळवू लागली. बाजूनं जाताना सुगंधाबाईंनी सांगितलं, पावसाचे दिवस आहेत, बोट जाईल एवढी फट राहू द्या. भाऊंना तो रंध्याचा अपमान वाटला. बोट जाईल अशी फट कोणीही ठेवतं. आपल्या दारात पोस्टकार्ड जाता कामा नये.

पोस्टकार्ड गेलं नाही. दार चौकटीत असं बसलं की फ्रिजचं दार लाजावं. त्या आनंदात भाऊंनी दाराला वार्निश मारलं, कडांनाही. रविवारी सकाळपर्यंत ते वरून वाळलंही, आभाळ गच्च असताना जेवढं वाळायचं तेवढं.

पाहुणे आले. दार उघडंच होतं, तसंच राहिलं असतं तर हे सांगायची वेळ आली नसती. पण भाऊंना राहवेना. पाहुणे टेकल्यावर ते उठले, म्हणाले, "ऐका जी," आणि दार लावलं. फस्स असा आवाज झाला. रामाजींनी भुवया उंचावल्या. भाऊ जागेवर येऊन बसले ते अर्ध्या इंचानं उंच होऊनच.

पोहे झाले, चहा झाला, मुलगा-मुलगी आतल्या खोलीत बोलून झाली. बायनाबाईंनी निघायचं काढलं. भाऊंनी दार ओढलं. दार म्हणालं, नाही. रामाजींनी ओढलं, निकेशनं ओढलं, शेवटी कडीच हातात आली. घट्ट बसलेल्या दाराला ओल्या वार्निशनं चौकटीशी असं चिकटवलं होतं, की त्यांना आता दोन म्हणणं चुकीचं ठरलं असतं.

मागचं दार होतं की. पण मुलगी पाहायला पुढच्या दारानं आलेले मागच्या दारानं गेले की सोयरीक मोडली, हे आपल्या झाडीपट्टीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बायनाबाई उठल्या होत्या त्या परत बसल्या. म्हणाल्या, आल्या दारानंच जाऊ, नाहीतर इथंच राहू. निकेश आणि दिव्यानी दोघांनाही काहीच घाई दिसली नाही.

एव्हाना खिडकीच्या गजांपाशी गल्ली जमली होती. मदत म्हणून गल्लीनं आधी पोटभर हसून घेतलं. भाऊंनी आतून बिजागऱ्यांचे स्क्रू काढले. बिजागऱ्या सुटल्या, दार मात्र जागचं हललं नाही. म्हणजे आता बाहेरून धक्का हवा. किराणावाला आदेश बाह्या सरसावून पुढे झाला. भाऊ खिडकीतून रडकुंडीला येऊन सांगत होते, "लात नोको मारू बे, खांद्यानं ढकल." सुगंधाबाई हाताची घडी घालून ऐकत होत्या. आदेशनं खांदा लावला, मग पाठ लावली, मग दूर जाऊन पळत आला आणि लाथ घातली. चांगली सणसणीत, सावलीपर्यंत ऐकू जावी अशी.

दार आत कोसळलं ते भाऊंनी आणि रामाजींनी मिळून झेललं. वाट मोकळी झाली, पण बाहेर कोणी गेलं नाही. चौकट उघडी टाकून कसं जाणार? दार खाटेवर आडवं केलं. भाऊंनी रंधा घेतला आणि मेल्या मनानं चालवू लागले. सोमवारचा तराजू त्यांच्या डोळ्यांसमोर हलत होता. रामाजी वाकून पाहत होते.

"द्या जी, मी एक मारून पायतो," रामाजी म्हणाले.

भाऊंनी त्यांचे हात धरून दाखवलं, जोर कुठं द्यायचा, कुठं सोडायचा. सळसळ करत लांबलचक छिलका निघाला आणि रामाजींच्या मनगटाभोवती गुंडाळला गेला. त्यांनी तो उजेडात धरला. बायकोला दाखवला, सुनेला दाखवला, म्हणजे अजून न झालेल्या सुनेला. मग म्हणाले, आणखी एक. मग भाऊ म्हणाले, आता माझा. असं दोघांचं चाललं, ते बायनाबाईंनी रंध्यावर हात ठेवला तेव्हाच थांबलं. दार लावलं तर आता फटीत बोटच काय, मनगट जात होतं. पाहुणे पुढच्या दारानं रीतसर गेले. जाताना रामाजी भंगारवाल्याचा फोन नंबर तेवढा मागून घेऊन गेले.

सोमवारी जंगू तराजू घेऊन हजर. सुगंधाबाईंनी रंधे ओट्यावर मांडले. भाऊ आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले, घरात मयत झाल्यासारखे. तेवढ्यात बायनाबाईंचा फोन आला. मुलगी पसंत आहे, साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख कधी धरायची?

सुगंधाबाईंचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी त्यांना सुचलं. भंगारात घालण्यापेक्षा हे रंधे व्याह्यांनाच दिले तर? घरातून जातील ते जातील, वर मानही राहील. तसं त्यांनी बोलून दाखवलं.

बायनाबाईंनी त्यांना मधेच तोडलं.

"आमाले तुमची पोरगी पायजे, बाकी काई नोको. आमचे हे काल रातच्यापासून घरातले सगळे दारं ठोकून पाऊन राह्यले, कोणतं घासू म्हणून. एक जरी रंधा इकडं आला तं सोयरीक मोडली समजा. अन् भंगारातबी देऊ नोका बाई, त्या जंगूले आमच्या यायनं सकाळीच फोन केला, असन तेवढे पाठव म्हणून. तुमच्याच घरी राहू द्या. तुमचं दार तं आता गेलंच हाये."

सुगंधाबाईंनी फोन ठेवला. ओट्यावरच्या रंध्यांकडे पाहिलं, जंगूकडे पाहिलं, आणि त्याला सांगितलं, तराजू उचल. जंगू कुरकुरला, सावलीच्या माणसाला कबूल करून बसलो म्हणाला. त्याला चहाही मिळाला नाही.

भाऊंनी आतून सगळं ऐकलं होतं. ते बाहेर आले, चेहरा शक्य तितका गंभीर केला, आणि मुलीच्या सुखासाठी बापाला काय काय सांभाळावं लागतं असं काहीतरी पुटपुटत एकेक रंधा आत नेऊ लागले.