कळंबची वाळू

मे १९९९, शनिवार सकाळ. फुलपाड्याच्या घरी हजर: मी, सासूबाई आणि कोमट पाण्याच्या टबात आमचं कासव. दहा दिवस त्याला शी झाली नव्हती. सासूबाई त्याच्या मागच्या पायांपाशी एरंडेल चोळत होत्या.

"आई, तुम्हीच पाव भरवलात."

"अगं, चिमूटभरच दिला गं."

दुपारी डॉक्टरांनी मला एक्सरे दाखवला: पोटात वाळू साचलेली. शोभेसाठी कळंबच्या समुद्रकिनाऱ्यावरची वाळू त्याच्या टबात मीच पसरली होती. संध्याकाळी ते गेलं. वाळू मी गुपचूप फेकली.

आज इतक्या वर्षांनी, पोट साफ होत नाही म्हणून सासूबाईंच्या पोटाला एरंडेल चोळताना तोच वास आला. "थोडा पाव देऊ?" मी विचारलं.

"नको बाई. त्या मुक्या जिवाला माझ्या पावानंच मारलं."

आईंच्या यादीतली औषधं आणली, दूध आणलं. आईंना वाळूचं सांगणं अजून राहिलंय.