कप्प्यातली डबी

माझ्या टेबलाच्या कप्प्यात ती तंबाखूची डबी असली, की साक्षात देवाचा फोन आला तरी मी लाइन चालू करत नसे. पैठण रस्त्यावरच्या एका छोट्या सबस्टेशनात मी ऑपरेटर होतो. गारखेड्यातून रोज मोटारसायकलवर जायचो. डबी आमच्या लाइनमनची. त्यांना सगळे चाचा म्हणायचे.

खांबावर चढण्याआधी लाइनमननं माझ्याकडून परमिट घ्यायचं, म्हणजे मी लाइन बंद करायची आणि तसं कागदावर लिहून द्यायचं. चाचा कागद खिशात घालायचे, पण त्यांचा कागदावर काडीचा भरवसा नव्हता. ते डबी काढून उजव्या हातानं माझ्या तळहातावर ठेवायचे. काम आटोपलं की स्वतः यायचे, आणि मी त्यांच्या त्याच हातात ती परत द्यायची. मगच लाइन चालू. दुसरं कुणी डबी मागायला आलं तर द्यायची नाय. ही पद्धत त्यांच्या वालिदांची, म्हणजे वडिलांची, ते निजामाच्या काळात पॉवरहाऊसात कामाला होते. तंबाखूचीच डबी का, तर तलब आलेला माणूस जिवंत असला तर आपल्या पायांनी येणारच. मला हे लई पटायचं.

मग सरकारनं आमच्या भागात सोलर आणायचं ठरवलं. जमीन सरकारी, प्लेटा एका खासगी कंपनीच्या, तारा ओढणारा ठेकेदार तिसराच आणि सबस्टेशन आमचं. सगळ्यांची भागीदारी. शेतीला दिवसा वीज मिळणार होती आणि ती मलाही हवी होती, खोटं कशाला बोलू?

शहरात समन्वय बैठक झाली. काजू होते, चकचकीत फायली होत्या. मी मागच्या खुर्चीवर. माझं डोकं तसं लवकर तापतं, पण तिथं उभं राहून अगदी नरमाईनं विचारलं, की आजवर वीज एकाच बाजूनं यायची, आता ती त्या टोकाकडूनही येणार, तर त्या टोकाचं परमिट कोण देणार? आमचे साहेब म्हणाले, मोबाईलवर ग्रुप केलाय, सगळे एकमेकांना कळवतील. कंपनीचा इंजिनिअर हसून म्हणाला, आमची मशिनं लाइन गेली की आपोआप बंद पडतात, काका. बाकीचेही हसले. मी खाली बसलो. त्या बसण्याचा मला आजही राग येतो.

सोलरचं उद्घाटन दुपारी चारला होतं. त्या दिवशी सकाळीच सबस्टेशनपासून तिसऱ्या खांबावरचा तारेचा जोड ढिला निघाला. चाचा आले, डबी दिली. मी लाइन बंद केली आणि ग्रुपवर टाकलं, लाइन बंद आहे, माणूस खांबावर जातोय. तीन अंगठे आले. एक आमच्या साहेबांचा, एक ठेकेदाराचा, एक कुठल्याशा कारकुनाचा. कंपनीचा एकही नव्हता. हे मी पाहिलं होतं. कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला तर कुणीतरी म्हणालं, साहेब मंडपात आहेत.

मी चाचांना म्हणालो, जरा थांबा, तिकडचा निरोप येऊ द्या.

"डिब्बा तेरे पास है ना?" ते म्हणाले. "फिर मेरेकू काहे का डर?"

आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती. लाइनमन वर गेला की तारांवर साखळी टाकतो, चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जावी म्हणून. चाचा ती नेहमी सबस्टेशनच्या बाजूला टाकायचे, कारण त्यांच्या उभ्या नोकरीत वीज तिकडूनच आली होती. जोड उघडला की तारेचे दोन तुकडे होणार आणि पलीकडचा तुकडा साखळीविना राहणार. चाचा, आज दोन्हीकडं टाका, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात आमच्या साहेबांचा फोन वाजला, लाइन कधी चालू होणार म्हणून. मी तो घ्यायला आत गेलो. बाहेर आलो तर चाचा निघून गेले होते, आणि मला वाटलं, डबी आहे ना आपल्याकडं.

कंपनीनं तिकडं आपली यंत्रं तपासायला डिझेलचा जनरेटर लावला होता. ती वीज उलटी तारेत शिरली. आपोआप बंद पडणारी मशिनं बंदच होती, जनरेटरला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

मी व्हरांड्यातून पाहिलं. चाचा कमरेच्या पट्ट्यावर लोंबकळत होते. पाहुण्यांसाठी आणलेल्या जीपमधून त्यांना नेलं. श्वास चालू होता.

दुपारी साहेब आले. जोड ठेकेदाराच्या पोरांनी केलाय, म्हणाले, चारला लाइन चालू करा.

"डबी माझ्याकडं आहे, साहेब."

"कसली डबी?"

चारला मी लाइन चालू केली. याच हातानं. मंडपातल्या टाळ्या भोंग्यावरून ऐकू आल्या.

चौकशी झाली. प्रत्येकाचा कागद बरोबर निघाला, माझाही. समन्वय कमी पडला असं लिहिलं गेलं आणि त्यासाठी नवी समिती नेमली.

काही महिन्यांनी चाचा आले. उजवी बाही कोपराखाली रिकामी, पिनेनं वर टोचलेली. मी चहा मागवला. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाले, माझी डबी दे. मी कप्पा उघडला, डबी काढली आणि सवयीनं त्यांच्या उजव्या बाजूला धरली. त्यांनी डावा हात पुढं केला आणि मधेच थांबवला.

"लाइन कब चालू की?"

"त्याच दिवशी. चारला."

"डिब्बा तेरे पास रहते हुए?"

मी म्हणालो, व्हय. मला रडू फुटलं. त्यांनी मला रडू दिलं, चहा संपवला आणि उठले.

"रख अब तेरे पासच," असं म्हणून ते गेट उघडून रस्त्याला लागले.

डबी आता माझ्या गारखेड्याच्या घरी आहे. आत तंबाखू तशीच आहे.